‘रोद’ म्हणजे राष्ट्र की कूळ?

प्रश्न : एथॉस पर्वतावरच्या हिलेंदार मठातला बल्गेरियन साधू पाइसी याने १७६२ साली ‘स्लाव्ह-बल्गेरियन इतिहास’ लिहून पुरा केला. त्यात तो वाचणाऱ्याला बजावतो, ‘आपला रोद आणि आपला एझिक ओळख.’ एझिक म्हणजे भाषा, हे कळलं. मराठी अनुवादात ‘रोद’ला मी ‘राष्ट्र’ लिहिलंय. चालेल?

— माझ्या मते नाही. ‘रोद’मध्ये जन्म आहे. ‘रोदितेल’ म्हणजे आई किंवा बाप, ‘रोदिना’ मायभूमी. बल्गेरियन प्रबोधनकाळाचं नाव ‘व्हझ्राझ्दाने’, म्हणजे पुनर्जन्म, तेही याच धातूचं. आणि एझिकही वाटतो तितका सरळ नाही. चर्चच्या जुन्या स्लाव्होनिकमध्ये, म्हणजे स्लाव्हांच्या जुन्या धर्मभाषेत, त्याचा अर्थ ‘लोक’ असाही होतो.

— बल्गेरिया आणि शेजाऱ्यांची भांडणं याच शब्दावर आहेत. १८७१ मध्ये बल्गेरियन इतिहासकार मारिन द्रिनोवने पाइसीला प्रबोधनाचा आद्य पुरुष ठरवलं, तेव्हापासून बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, ‘रोद’ म्हणजे राष्ट्रच. सर्बियन अभ्यासक आठवण करून देतात की हिलेंदार हा सर्बियन मठ, आणि पाइसीने आधार घेतला तो माव्रो ऑर्बिनी या इतिहासकाराच्या १६०१ च्या ग्रंथाचा, जो सगळ्याच स्लाव्हांबद्दल आहे. उत्तर मॅसिडोनियात बोट ठेवतात पाइसीच्या जन्मगावावर. ते बान्स्को मानलं तर पिरिन मॅसिडोनियात, म्हणजे मॅसिडोनियाच्या आज बल्गेरियात असलेल्या भागात येतं. पाइसी स्वतः फक्त ‘सामोकोव्हचा धर्मप्रांत’ एवढंच सांगतो.

ग्रीकांचं मला जास्त रोचक वाटतं. त्यांचा ‘गेनोस’ हा अर्थाने ‘रोद’चा अगदी जुळा शब्द (आणि आपल्या ‘जन’चा नातलग), पण ऑटोमन काळात त्यात भाषा कुठलीही असो, सगळे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन मावत. तो गेनोस फोडून पाइसी आपला रोद वेगळा काढतो. त्याचा राग तुर्कांपेक्षा ग्रीक धर्मगुरूंवर आणि ग्रीकपणा मिरवणाऱ्या बल्गेरियनांवर जास्त आहे.

— तुर्की वाचकांनाही विसरू नका. १९८४-८५ च्या हिवाळ्यात बल्गेरियातल्या तुर्कांची नावं सक्तीने बदलली, त्या मोहिमेलाही ‘व्हझ्रोदितेलेन प्रोत्सेस’, म्हणजे पुनर्जन्माची प्रक्रिया, म्हणत. धातू तोच. त्यांना ‘पुनर्जन्म’ ऐकून काय वाटत असेल!

प्रश्नकर्ता : मग ‘कूळ’? पण त्याने कूळकायदाच आठवतो. ‘वंश’ला भलताच वास येतो.

— ‘गोत’ लिहा. ‘आपलं गोत आणि आपली भाषा ओळख.’ ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ यातलं गोत. आपल्याच माणसांनी स्वतःला बल्गेरियन म्हणवून घ्यायला लाजावं, ही पाइसीची तक्रार त्याच जातीची आहे.