ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचा प्रश्न अभ्यासायचा आहे : एम.एड. करावे की शिक्षण विषयात एम.ए.?

प्रश्न (प्राथमिक शिक्षक, बीड जिल्हा)

मी अकरा वर्षांपासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. डी.एड. आणि इतिहासातील बी.ए. झाले आहे. दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते, कारण आईवडिलांबरोबर मुलेही ऊसतोडीला जातात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. गेल्या वर्षी तिसरीतल्या एका मुलीने परतल्यावर मोळ्यांचा हिशेब मला तोंडी बिनचूक करून दाखवला. वहीतली हातच्याची बेरीज मात्र तिला जमेना. या प्रश्नाचा नीट अभ्यास करावा, असे तेव्हापासून मनात आहे. त्यासाठी एम.एड. योग्य की सामाजिक शास्त्रांच्या अंगाने शिकवले जाणारे शिक्षण विषयातील एम.ए.?

उत्तर १ (शिक्षणाच्या समाजशास्त्राची विद्यार्थिनी)

दोन्हींचा रोख वेगळा आहे. एम.एड. हा मुख्यतः अध्यापकांचे अध्यापक घडवणारा अभ्यासक्रम असून डी.एड. आणि पदवी असल्यामुळे, गुणांची अट पूर्ण होत असल्यास, आपण त्यालाही पात्र ठरू शकता. डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) किंवा अध्यापक विद्यालयात जायचे असेल तर तोच घ्यावा. आपला प्रश्न मात्र अध्यापनाच्या पद्धतीपाशी थांबत नाही. मूल शाळेत का येत नाही, असे आपण विचारतो. समाजशास्त्र त्याच्या आधी विचारते की शाळेचे वर्ष कोणाच्या जगण्याला धरून आखले आहे आणि ते ज्यांना सोयीचे नाही त्यांनाच ‘अनियमित’ का म्हटले जाते. मोळ्यांचा हिशेब करणारी ती मुलगी गणितात कच्ची आहे, की तिला येणारे गणित मोजण्याची सोय आपल्या चाचणीत नाही, हा फरक मला या अभ्यासामुळेच दिसू लागला.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील झाकिर हुसेन केंद्र हे सामाजिक शास्त्रांच्या विभागातच आहे आणि तेथे समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास व मानसशास्त्र या चारही दिशांनी शिक्षणाचा अभ्यास होतो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने 2006 मध्ये प्राथमिक शिक्षणातील एम.ए. सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना जमावे अशीच त्याची रचना ठेवली होती. आज कोठे काय चालू आहे आणि रजेचे काय, हे अर्ज करण्यापूर्वी त्या त्या संस्थेकडूनच विचारून घ्यावे.

उत्तर २ (अर्थशास्त्राचा प्राध्यापक)

अर्थशास्त्राला भिऊ नका. शाळेत फी नाही म्हणून शिक्षण फुकट होत नाही. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरतात, मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि ती तोडलेल्या टनांवर फिटते. अशा घरातली मोठी मुलगी कोपीवर, म्हणजे तोडणीच्या जागी उभारलेल्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळत असेल, तर तिच्या शाळेची किंमत आईच्या बुडालेल्या तोडणीत मोजावी लागते. हंगामी वसतिगृह असूनही काही पालक मुलांना ठेवून का जात नाहीत, याचे उत्तर ‘पालकांची उदासीनता’ या दोन शब्दांत देणारे अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत आणि दर वेळी मला त्यांचा राग येतो. गावात मागे आजी-आजोबा आहेत का, उचल किती घेतली होती, घरातले सर्वांत लहान मूल किती वर्षांचे आहे, हे विचारल्याशिवाय ‘उदासीनता’ हा शब्द लिहूच नये.

उत्तर ३ (निवृत्त अध्यापक, कोल्हापूर)

आपली पदवी इतिहासाची आहे, ती बाजूला टाकू नका. 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी मांडले होते की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे वळतो. शिक्षणाच्या अर्थकारणाचा यापेक्षा सरळ प्रश्न आजही कोणी विचारलेला मला आठवत नाही. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. सक्ती झाल्यावर शेतमजुरांच्या घरात काय घडले, हे जुन्या दप्तरांत, म्हणजे सरकारी कागदपत्रांत, शोधता येईल, आणि आपल्या शाळेचे जुने हजेरीपट हेही दप्तरच आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. एम.ए.कडेच मन वळले आहे. एक शंका उरते : ज्या मुलांना मी शिकवतो त्यांचाच अभ्यास करणे योग्य ठरेल का?

उत्तर १

करता येईल, पण गुरुजींना ‘नाही’ म्हणणे पालकांना अवघड जाते, हे सतत लक्षात ठेवावे लागेल. म्हणून मुलाखती शेजारच्या केंद्रातील (शाळांच्या गटातील) गावांत घ्याव्यात आणि स्वतःच्या शाळेतून केवळ हजेरीपट वापरावेत, तेही नावे झाकून. प्रवेश मिळेपर्यंत थांबू नका. या दिवाळीपासून कोणते मूल कोणत्या दिवशी गेले, कोणाबरोबर गेले आणि परतल्यावर कोणत्या वर्गात बसवले गेले, एवढे एका साध्या वहीत लिहीत राहा.