वाचनालयाची साइट फोनवर चालत नाही: अ‍ॅप करावं की साइट सुधारावी?

ग्रंथघरवाली

मंडळी, सल्ला हवाय. आमचं तालुक्याच्या गावातलं ‘ब’ वर्ग वाचनालय. साइट आहे, एका सभासदाच्या मुलाने कॉलेजात असताना करून दिलेली. कॉम्प्युटरवर झकास दिसते. फोनवर उघडली की अख्खं पान टपाल तिकिटाएवढं होतं. वरच्या मेनूवर माउस नेला की खाली यादी उलगडते, पण फोनला माउस कुठला? त्यामुळे ‘ग्रंथसूची’पर्यंत कुणी पोचतच नाही. पोचलं तर पुढे आडव्या पानाची पीडीएफ. दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत, कपाट... लेखक बघायला सरकवावं तर शीर्षक पडद्याबाहेर. परवा एक आजी सरळ म्हणाल्या, “बाई, तू मला फोनवरच सांग पुस्तक आहे की नाही.” आता दुपारभर मी तेच करते.

कार्यकारिणीत दोन तट पडलेत. अध्यक्ष म्हणतात अ‍ॅप करू. कोषाध्यक्ष म्हणतात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे ना, साइटचा खर्च कशाला? मला प्रश्न असा पडलाय की मराठी विकिपीडिया माझ्या जुन्या फोनवरही सुरेख उघडतो, खरेदीच्या साइटी उघडतात, मग ई-पेपर आणि सरकारी फॉर्म तिथेच का अडतात? आणि आम्ही नक्की कुणाची नक्कल करावी?

पिक्सेलकर

ताई, टपाल तिकिटाचं कारण सोपं आहे. २००७ साली आयफोन आला तेव्हा झाडून सगळ्या साइटी कॉम्प्युटरच्या रुंदीच्या. म्हणून त्यातल्या सफारी ब्राउझरने अशी सोय केली की पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरायचं आणि आक्रसून पडद्यात बसवायचं. ‘मी फोनसाठी तयार आहे’ हे पानाने स्वतः सांगावं लागतं, त्यासाठी ‘व्ह्यूपोर्ट’ नावाचा एका ओळीचा टॅग (पानाच्या कोडमधली सूचना) असतो. तुमच्या साइटीत तो नसणार. मात्र नुसता टॅग टाकून भागत नाही. आत हजार पिक्सेलचं टेबल ठोकलेलं असेल तर पान आडवं सरकत राहील. पडद्याप्रमाणे मांडणी बदलायची पद्धत वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये मांडली, आता तीच सगळीकडे रुळली आहे. विकिपीडिया फोनवर बरा वाटतो कारण तिथे लेखाचे विभाग मिटलेले येतात, हवा तो उघडायचा.

देवनागरीबद्दल एक, कारण इंग्रजी टेम्प्लेट घेणारे हमखास इथे फसतात. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी सेटिंग शून्यावर ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि ‘वाचनालय’ हे ‘वा च ना ल य’ असं सुटं दिसतं. ओळींमधलं अंतर सढळ ठेवा. कमी पडलं की वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात, आणि बटणाच्या चौकटीत तर ‘शोधू’चा उकार चक्क कापला जातो.

सेवाकेंद्रवाला

फॉर्मचं मी सांगतो, त्यावरच माझं दुकान चालतं. हसू नका, खरंच. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक गिऱ्हाइकांच्या खिशात माझ्यापेक्षा भारी फोन असतो. घरी अर्धा फॉर्म भरतात आणि अडकले की येतात.

कुठे अडकतात? जन्मतारीख. चौकोनावर बोट ठेवलं की कॅलेंडर उघडतं ते चालू महिन्याचं. माणूस १९५८ चा. मागचा बाण दाबत बसा! वर्षावर टिचकी मारली की वर्षांची यादी निघते, पण ते कुठे लिहिलेलं नसतं. मग फोटो: ५० केबीच्या आत हवा, आणि फोनचा कॅमेरा काढतो चार-पाच एमबीचा. त्यानंतर ओटीपी. मेसेज बघायला बाहेर गेलं आणि फोनची मेमरी कमी असली की परत येईपर्यंत पान नव्याने लोड झालेलं, भरलेलं सगळं साफ. आमच्याकडे एक मावशी ओटीपी तळहातावर पेनने लिहून घेतात, शेजारणीच्या फोनवर मागवतात म्हणून! त्यांचा फॉर्म कधी अडत नाही.

खरेदीच्या साइटीवर यातलं काही होत नाही, कारण तिथे अडकलेला माणूस दुसऱ्या दुकानात जातो. सक्तीचा फॉर्म कितीही छळो, माणूस जाणार कुठे? माझ्याकडे. (मला तक्रार नाही.)

वाचनालयाने एवढंच पाहावं की सभासदाला काही टाइप करावं लागतंय का. लागत असेल तर एकच चौकोन. लॉगिन नको, कॅप्चा (ती वाकडी अक्षरं ओळखून लिहायची परीक्षा) नको, पासवर्ड तर नकोच नको.

तात्या_निवृत्त

सेवाकेंद्रवाल्यांशी सहमत. पण ई-पेपरला सरसकट नावं ठेवू नका. पान म्हणजे एक चित्रच असतं, त्यामुळे फोनवर चिमटीने मोठं करून इकडून तिकडे फिरावं लागतं, हे मान्य. पण मला कोपऱ्यातली निधनवार्ता आणि छोट्या जाहिराती त्यांच्या जागी दिसायला हव्या असतात. टॅबवर मी तेच वाचतो. बातम्यांच्या साइटीवर मजकूर नीट दिसतो, पण मध्येच जाहिरात वर येते, तिची फुली मुंगीएवढी, माझ्या बोटाने ती बंद होण्याऐवजी उघडतेच.

माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. काही साइटी मोठं करूच देत नाहीत, चिमटी ताणली तरी पान ढिम्म. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘फोर्स एनेबल झूम’ आहे, ते चालू केलं की झक मारत मोठं होतं. ताई, तुम्ही मात्र सभासदांवर ही वेळ आणू नका. वाचनालयात येणारे निम्मे आमच्याच वयाचे.

ग्रंथघरवाली

सगळ्यांचे आभार. अध्यक्षांना अ‍ॅपबद्दल काय सांगू? आणि अजून एक भानगड: सूची जुन्या फाँटात टाइप केलेली आहे, युनिकोडच्या (म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी आताची अक्षरपद्धत) आधीच्या. कॉपी केली तर इंग्रजी अक्षरं आणि कंसच येतात.

पिक्सेलकर

अध्यक्षांना सांगा की प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण नव्या अँड्रॉइडप्रमाणे अ‍ॅप अधूनमधून अद्ययावत करावं लागतं, नाही केलं तर नव्या फोनवर ते स्टोअरमध्ये दिसतही नाही. तो मुलगा आता नोकरीला लागला असेल, दरवर्षी कोण करणार? शिवाय एक पुस्तक आहे का बघायला आजी अ‍ॅप उतरवून घेणार आहेत का?

फाँटाचं काम आधी हातात घ्या, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. त्या फाँटासाठीचा कन्व्हर्टर शोधून सूची युनिकोडमध्ये आणा. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, गडबड तिथेच होते. ‘सूर्य’, ‘निर्मळ’, ‘क्षितिज’ हे शब्द आधी तपासा, लगेच कळेल. मग सूची एका शीटमध्ये ठेवा. साइटीवर फक्त लेखक, शीर्षक, कपाट आणि ‘आत आहे / बाहेर आहे’, एकाखाली एक. किंमत आणि दाखल क्रमांक तुमच्या वहीत राहू देत. शोधायच्या चौकोनातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान नकोत, नाहीतर आयफोनवर चौकोनाला बोट लावलं की पान आपोआप मोठं होऊन सरकतं.

सेवाकेंद्रवाला

आणि पानाच्या अगदी वर वाचनालयाचा फोन नंबर, दाबला की थेट लागेल असा. ताईंची दुपार वाचणार नाही, पण आजींना तोच लागणार.

ग्रंथघरवाली

ते मला वाटलंच होतं! सूची आजच पेन ड्राइव्हवर घेते. पिक्सेलकर, त्यातलं एक पान तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का? फाँट कुठला ते ओळखून द्या.