इलेक्ट्रिक पिकअप: पुढचा लोअर बॉल जॉइंट नुसता बदलावा की अख्खा आर्म?

नटबोल्ट विचारतात:

चारही चाकांना ड्राइव्ह असलेली इलेक्ट्रिक पिकअप, ९०,००० किमी झालेली. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म), कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र) खालच्या आर्मवर बसलेला. उंचवट्यावरून सावकाश जाताना डाव्या बाजूने 'टक्' असा एकच आवाज येतो. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की करकर होते. डाव्या लोअर बॉल जॉइंटचा (खालच्या आर्मच्या टोकाचा, चाकाकडचा गोल सांधा) बूट (रबरी आवरण) फाटलाय, ग्रीस बाहेर आलंय. पण गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवलं तर प्ले (ढिलेपणा) अजिबात जाणवत नाही. आर्म ॲल्युमिनियमचा, जॉइंट त्यात प्रेस केलेला, वरून सर्क्लिप.

तीन शंका आहेत. प्ले नसताना जॉइंट गेला म्हणायचं का? नुसता जॉइंट प्रेस करून बसवता येतो की आर्मच बदलावा लागतो? आणि इलेक्ट्रिक म्हणून वेगळं काय सांभाळायचं?

---

डायलगेज:

जॅक कुठे लावला होता? चॅसिसखाली लावला असेल तर ती तपासणी धरूच नका.

तुमच्या मांडणीत गाडीचं वजन स्प्रिंगमधून खालच्या आर्मवर येतं आणि आर्मवरून लोअर बॉल जॉइंटमार्फत नकलवर (चाकाचं हब धरणारा भाग) जातं. म्हणजे भार वाहणारा जॉइंट खालचा. चॅसिस उचलून चाक लोंबकळत ठेवलं की स्प्रिंग आर्मला खाली रेटत राहते, बॉल सॉकेटच्या एका बाजूला दाबून बसतो आणि झिजलेला जॉइंटसुद्धा घट्ट लागतो. जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितका जवळ लावता येईल तितका लावा. आर्मचा आकार तिरका असेल तर मध्ये लाकडी ठोकळा घ्या, नाहीतर जॅक घसरतो. टायर जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटर सुटला की पुरे. आता स्प्रिंगचा भार जॅकवर आहे, जॉइंट मोकळा आहे.

टायरखाली लांब पहार घालून चाक हळूच वर उचला, सोडा. नजर टायरवर नको, आर्म आणि नकल यांच्यामधल्या फटीवर हवी. फट उघडझाप करताना दिसली तर जॉइंट गेला. नेमका आकडा हवा असेल तर डायल गेज लावा, पण चुंबकी स्टँड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, क्लॅम्पचा स्टँड लागेल. किती प्ले चालतो ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच पाहा. एका गाडीचा आकडा दुसरीला लागू पडत नाही.

चाक वर-खाली धरून हलवताना प्ले लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष हब बेअरिंगचा. तरीही राहिला तर बॉल जॉइंट किंवा आर्मचा बुश (आतल्या टोकाचा रबरी आधार).

करकरीचं सांगायचं तर सगळी चाकं जमिनीवर असू द्या, एकाला स्टिअरिंग थोडं डावी-उजवी करू द्या आणि तुम्ही बोटाची टोकं बूटवर ठेवा. कोरडा जॉइंट बोटाला कुरकुरतो. तसंच टाय रॉड एंडला आणि स्टॅबिलायझर लिंकला हात लावून पाहा, 'टक्' आवाज बऱ्याचदा लिंकचा निघतो. इंजिनचा आवाज नसल्यामुळे या गाड्यांत असले बारीक आवाज ठळक ऐकू येतात, त्यावरून झीज किती ते ठरवू नका.

एवढं मात्र खरं की बूट फाटून ग्रीस बाहेर आलंय म्हणजे पाणी-माती आत गेलीय. प्ले शून्य निघाला तरी तो जॉइंट बदलायच्याच यादीत.

---

नटबोल्ट:

जॅक चॅसिसखालीच होता. आर्मखाली घेऊन पुन्हा पाहिलं, फट स्पष्ट उघडते. ब्रेक दाबूनही तीच. म्हणजे बदलायचा हे ठरलं. आता जॉइंट की आर्म?

---

कानसवाला:

पहिला निकष साधा आहे. कंपनीच्या पार्ट लिस्टमध्ये जॉइंट सुटा दिलाय का? दिला नसेल तर आर्म बदला. बाहेरच्या कंपनीचा जॉइंट 'बसतो' म्हणून ॲल्युमिनियमच्या आर्ममध्ये ठोकू नये. प्रेस-फिटची पकड मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. भोक एकदा ओरखडलं किंवा लंबगोल झालं की जॉइंट आत हलतो, आणि तो हलताना बाहेरून दिसत नाही. तुमच्या भारवाहक जॉइंटमध्ये ही जोखीम घेण्यात अर्थ नाही. शिवाय ९०,००० किमी झालेल्या आर्मचे बुशही तेवढेच जुने. रबराला भेगा असतील तर वाद संपला, आर्मच घ्या.

जॉइंट सुटा मिळतो आणि बुश चांगले आहेत असं धरून पुढचं सांगतो.

सर्क्लिप काढा. ती गंजून खाचेत बसली असेल तर आधी तारेच्या ब्रशने खाच साफ करा. जॉइंट कोणत्या बाजूने बाहेर येतो ते पाहा. ज्या बाजूला कडा (कॉलर) आहे त्याच बाजूने तो निघतो, उलटा रेटला तर आर्म फाटतो. सी-क्लॅम्पसारखा बॉल जॉइंट प्रेस वापरा. जॉइंटभोवती आर्मला आधार देणारी नळी जॉइंटच्या बाहेरच्या व्यासापेक्षा जरा मोठी हवी आणि ती आर्मच्या सपाट भागावर पूर्ण टेकली पाहिजे. तिरकी टेकली की प्रेस तिरका चालतो आणि भोक सोलवटतं.

नवा बसवताना दाब बाहेरच्या कडेवरच द्या. मधल्या पातळ झाकणावर दाब आला तर झाकण आत दबतं, जॉइंट ताठ होतो, आणि हे चालवायला घेतल्याशिवाय कळत नाही. पहिले दोन-तीन मिलिमीटर हाताने सरळ ओळीत आलेत याची खात्री करून मगच इम्पॅक्ट गनने नव्हे, साध्या पान्याने आवळा. कडा सगळीकडून टेकली की थांबा, फीलर गेज (पातळ मापपट्टी) कडेखाली जाता कामा नये. नवी सर्क्लिप घाला आणि ती खाचेत फिरते का ते बघा.

जॉइंट फ्रीझरमध्ये ठेवायची युक्ती बरेच जण सांगतात. ४५ मिमी व्यासाचं स्टील ४० अंशांनी थंड केलं तर जेमतेम ०.०२ मिमी आकसतं. थोडी मदत होते, चमत्कार नाही. उलट टोकाने, म्हणजे आर्मला ज्योत दाखवून गरम करू नका. उष्णतेची प्रक्रिया केलेला ॲल्युमिनियम तापला की मऊ पडतो, आणि तो पुन्हा कडक झालाय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही.

---

टॉर्करेंच:

प्रेसिंगपेक्षा जास्त गडबड होते ती टेपर (जॉइंटच्या स्टडचा निमुळता भाग, नकलच्या भोकात घट्ट बसणारा) सोडवताना आणि परत आवळताना. माझा क्रम असा:

१. मागच्या चाकांना ठोकळे, मग गाडीचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी उचलून घोड्यांवर (जॅक स्टँडवर). एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार पीळ देतो आणि आर्म हवा तसा खाली जात नाही. तरी डावी लिंक काढलेली बरी.

२. कॅलिपर ब्रॅकेटसकट काढा आणि तारेने वर टांगा, होजवर लोंबू देऊ नका. चाकाच्या स्पीड सेन्सरची वायर क्लिपांमधून सोडवा. नकल खाली झुकली की सर्वांत आधी तुटते ती हीच.

३. हबचा एक्सल नट सोडायचा असेल तर तो गाडी उचलण्याआधीच, चाक जमिनीवर असताना आणि ब्रेक दाबलेला असताना ढिला करा. त्यानंतर गाडी एक इंचही लोटू नका. नटाचा दाब नसताना हब बेअरिंगवर वजन आलं तर ते खराब होऊ शकतं. नट परत वापरायचा नाही.

४. खालच्या आर्मखाली जॅक हलका टेकवून ठेवा. कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग शॉकवर बंदिस्त असते आणि आर्म पूर्ण खाली असताना शॉकच त्याला अडवतो. पण जॅकने आर्म वर रेटलेला असताना टेपर सुटला तर ती शक्ती एका झटक्यात बाहेर येते. टेकवायचं, रेटायचं नाही.

५. बॉल जॉइंटचा नट पूर्ण काढू नका, तीन-चार आटे राहू द्या. मग सेपरेटर लावा. टेपर सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो, तो नटच नकलला धरून ठेवतो.

६. मोकळी झालेली नकल बाहेर ओढताना ड्राइव्ह शाफ्ट सोबत ओढला जातो. आतल्या बाजूचा ट्रायपॉड (शाफ्टच्या टोकाचा तीन रोलरांचा सांधा) त्याच्या कपातून सुटला तर बूट उघडून परत बसवावा लागतो. शाफ्ट हबमधून मागे सारून दोरीने आडवा बांधा.

परत बसवताना स्टडचा टेपर आणि नकलचं भोक कोरडं, स्वच्छ. स्टड नुसता हाताने बसवून आधी पाहा, डुगडुगला तर भोक घासलंय आणि नकल बदलावी लागेल. स्टडवर मार्करने उभ्या रेघा मारून तो बसवा, थोडा फिरवा, काढा. रेघा सगळ्या लांबीवर पुसल्या गेल्या तर टेपर नीट लागतोय.

---

ग्रीसगन:

टेपरला थोडं अँटी-सीझ (जाम न होऊ देणारं वंगण) लावलं तर पुढच्या वेळी काढायला सोपं जातं. आणि जुना जॉइंट फेकायचाच आहे तर पिकल फोर्क (पाचरीसारखा दुतोंडी काटा) आणि हातोड्याने दोन मिनिटांत सुटतो, एवढं काय?

---

टॉर्करेंच:

दोन्हीला नाही.

अँटी-सीझने घर्षण कमी होतं. टॉर्कचे आकडे कोरड्या आट्यांसाठी दिलेले असतात, तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. टेपरमध्ये लावलं तर तो भोकात जास्त खोल शिरतो आणि ॲल्युमिनियमची नकल असेल तर भोक फुगू शकतं.

फोर्क जुन्या जॉइंटचं काही बिघडवत नाही हे मान्य. पण त्याची पाचर नकल आणि आर्म यांच्यावर टेकून चालते, आणि तुमचे दोन्ही ॲल्युमिनियमचे असतील तर तिथे खाचा पडतात. खाच म्हणजे भेगेची सुरुवात. लोखंडी नकलच्या कडेला हातोड्याचे दोन ठोके देऊन टेपर सोडवणं ही जुनी आणि चांगली पद्धत आहे, पण तीही लोखंडापुरतीच.

नट आवळताना स्टडच सोबत फिरू लागला तर इम्पॅक्ट मारू नका. जॅकने आर्म थोडा वर दाबा म्हणजे टेपर पकडतो, किंवा स्टडच्या टोकाला ॲलन वा टॉर्क्सचं भोक असेल तर तिथे धरून साध्या पान्याने नट आवळा आणि शेवटचा टॉर्क रेंचने द्या. स्प्लिट पिनवाला नट असेल आणि भोक जुळत नसेल तर पुढे आवळून जुळवा, मागे कधीच सोडू नका. टॉर्क आणि वर अंशांचा कोन असं लिहिलेले बोल्ट एकदाच वापरायचे.

आणि आकडा कोणत्या एककात आहे ते दोनदा वाचा. १ फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर. १५० फूट-पाउंडच्या जागी १५० न्यूटन-मीटर दिले तर एक चतुर्थांशाहून जास्त कमी आवळलं जातं. क्रोफूट अडॅप्टर (रेंचच्या टोकाला लागणारा उघडा पाना) वापरलात तर तो रेंचला काटकोनात ठेवा, सरळ रेषेत लावला तर रेंच दाखवतो त्याहून जास्त टॉर्क बसतो.

---

नारिंगीवायर:

इलेक्ट्रिकबाबतचा प्रश्न राहिला.

बॉल जॉइंट बदलायला उच्च व्होल्टेजची यंत्रणा उघडायची गरज नाही. पुढच्या मोटरकडे जाणाऱ्या नारिंगी केबल आर्मच्या आतल्या टोकाजवळून कुठे जातात ते मात्र आधी टॉर्चने बघून ठेवा. पहार किंवा प्रेसचा दांडा त्यांच्यावर टेकता कामा नये. केबल सोडवावी लागत असेल तर तिथेच थांबायचं, ते काम त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं.

गाडी पूर्ण बंद करा आणि चावी किंवा चावी म्हणून वापरला जाणारा फोन लांब ठेवा. जवळ चावी असली की काही गाड्या दार उघडताच जाग्या होतात. एअर सस्पेंशन असेल तर उचलण्याआधी मेन्यूतला जॅक मोड चालू करा. नाहीतर यंत्रणेला वाटतं गाडी वाकडी उभी आहे आणि ती तुम्ही खाली असताना उंची सुधारायला लागते. आर्मला जोडलेली उंचीच्या सेन्सरची काडीही आर्म खाली सोडण्याआधी काढा. ती प्लास्टिकची असते.

उचलायच्या जागा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्याच. या गाड्यांत बॅटरीचा डबा मधोमध, जवळपास चाकांपर्यंत पसरलेला असतो आणि त्याच्या तळावर जॅक टेकवणं म्हणजे गाडीतला सर्वांत महाग भाग वाकवणं. वजनाचाही अंदाज घ्या. एफ-१५० लाइटनिंग आणि रिव्हियन आर१टी सुमारे पावणेतीन ते सव्वातीन टनांच्या, हमर ईव्ही पिकअप चार टनांच्या वर. छोट्या कारसाठी घेतलेल्या घोड्या इथे आणू नका. जॉइंट लवकर झिजण्यामागेही हे वजन आहेच.

---

नटबोल्ट:

बुश बघितले, मागच्या बुशला भेग आहे. आर्मच घेतो. उजव्या बाजूचाही लगेच बदलावा का?

---

डायलगेज:

उजव्या आर्मखाली जॅक लावून तिथल्या जॉइंटचा प्ले मोजा. बूट शाबूत आणि प्ले मर्यादेत असेल तर राहू द्या, जोडीनेच बदलायचा असा काही नियम नाही.

आर्म बदलताना दोन गोष्टी. आतल्या बोल्टना कॅम (अलाइनमेंट जुळवायच्या विकेंद्री चकत्या) असतील तर काढण्याआधी कॅम आणि चॅसिस दोन्हीवर रंगाची खूण करा. आणि ते बोल्ट आर्म लोंबत असताना शेवटपर्यंत आवळू नका. जॅकने आर्म गाडी जमिनीवर उभी असताना असतो तेवढ्या उंचीवर आणा, तिथे आवळा. लोंबत आवळलेला बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो. ती उंची हवी असेल तर काम सुरू करण्याआधीच हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा, नंतर मिळणार नाही.

नंतर व्हील अलाइनमेंट करावंच लागेल, खुणा कितीही अचूक जुळवल्या तरी टो (चाकांचा आत-बाहेरचा कोन) बदलतो. त्यासोबत स्टिअरिंग अँगल सेन्सरचं शून्य आणि कंपनी सांगत असेल तर पुढच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन. बॉल जॉइंटच्या नटावर आणि नकलवर एकच आडवी रंगाची रेघ मारा. ५०-१०० किमीनंतर चाकाचे नट टॉर्कला पुन्हा तपासताना ती रेघ तुटलीय का एवढंच पाहायचं.