मदत हवी आहे: सांता फेमध्ये ई-बाइक टूर, सोबत आई-बाबा
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन न्यू मेक्सिकोतल्या सांता फेला चाललोय. गाइडसोबतची ई-बाइक टूर घ्यावी का? प्लाझावरचा पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स, सॅन मिगेल चॅपल, कॅन्यन रोडच्या आर्ट गॅलऱ्या, सगळं एका फेरीत उरकेल. बाबांनी पुण्यात जन्मभर सायकल हाणलीय, ते निर्धास्त आहेत (जरा जास्तच). पण शहर सुमारे ७,००० फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपट उंच! मोटर असली तरी कॅन्यन रोडच्या चढाला दम लागतो का? आईला सायकल येत नाही. तिच्यासाठी तीनचाकी मिळते का? तिथे तेव्हा दुपारी गडगडाटी पाऊस येतो, म्हणून सकाळचीच वेळ घेणार. साठीपुढच्यांना कुणी नेलंय का?