‘आंतरजाल’ की ‘अंतर्जाल’? संगणकांच्या जाळ्यांसाठी मराठी शब्द

प्रश्न

मराठी माध्यमातून बारावी करून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी मी संगणकांच्या नेटवर्कविषयी टिपणे लिहीत आहे. इंग्रजी शब्द हद्दपार करण्याचा माझा हेतू नाही, कारण परीक्षेत ते त्यांना लागणारच आहेत. परंतु मराठी शब्द वाचताच ती गोष्ट कशी चालते याची निदान अर्धी कल्पना यावी अशी माझी अपेक्षा असते, आणि तेथेच मी अडले आहे. इंटरनेटसाठी आंतरजाल, अंतर्जाल, अंतरजाल आणि महाजाल असे चार शब्द छापील मजकुरात आढळतात. लॅन (लोकल एरिया नेटवर्क) आणि वॅन (वाइड एरिया नेटवर्क) यांच्यासाठी ‘स्थानिक क्षेत्र जाळे’ व ‘विस्तृत क्षेत्र जाळे’ असे शब्दशः प्रतिशब्द मिळतात, पण त्यांतील ‘क्षेत्र’ हा शब्द नेमके कोणते काम करतो हे मला विद्यार्थ्यांना सांगता येत नाही. पॅकेट, प्रोटोकॉल आणि स्विच यांचे काय करावे, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर ‘जाळे’ या शब्दापासूनच सुरू करावे लागेल. मासे धरणारा कोळी आणि भिंतीच्या कोपऱ्यात राहणारा कोळी यांना मराठीत एकच नाव आहे, आणि दोघांचेही पोट जाळ्यावर चालते. त्यामुळे या शब्दाला सापळ्याची छटा आहे, ‘जाळ्यात सापडणे’ हा वाक्प्रचार तिचाच. तरीही रस्त्यांचे जाळे, कालव्यांचे जाळे, रेल्वेचे जाळे या प्रयोगांनी ती छटा केव्हाच मागे टाकली आहे, तेव्हा नेटवर्कसाठी ‘जाळे’ निःशंकपणे वापरावे. याचा आणखी एक लाभ आहे. जाळे दोऱ्यांनी आणि गाठींनी बनते. इंग्रजीत जोडलेल्या प्रत्येक यंत्राला जो ‘नोड’ म्हणतात, त्याचा लॅटिनमधील मूळ अर्थ गाठ असाच आहे. ‘प्रत्येक संगणक ही जाळ्यातील एक गाठ’ हे वाक्य विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागणार नाही. समासात मात्र ‘जाल’ हेच रूप ठेवावे, कारण ‘जाळ’ म्हटले की मराठी माणसाला चुलीतला विस्तव आठवतो.

आता आंतर आणि अंतर्. संस्कृतातील ‘अंतर्’ या अव्ययाला ‘आत’ आणि ‘मध्ये’ हे दोन्ही अर्थ आहेत, म्हणून केवळ व्युत्पत्तीच्या आधारे हा वाद सुटत नाही. मराठीच्या वापराने मात्र त्यांची वाटणी करून टाकली आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना विचारावे: ‘आंतरजिल्हा बदली’ म्हणजे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात, आणि ‘जिल्हांतर्गत बदली’ म्हणजे त्याच जिल्ह्याच्या आत. आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, आंतरशालेय हे शब्द पहिल्या बाजूचे, तर अंतर्गत आणि अंतर्मुख हे दुसऱ्या बाजूचे. ‘आंतरिक’ हा शब्द या वाटणीला अपवाद आहे, पण त्याने कोणाचा गोंधळ होत नाही.

हा भेद आपल्या विषयात केवळ शुद्धलेखनाचा राहत नाही, कारण इंटरनेट हे एक मोठे जाळे नसून जाळ्यांना जाळ्यांशी जोडणारी व्यवस्था आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील दोन संगणकांमध्ये पहिला संदेश गेला ते अर्पानेट, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याचे संशोधन-जाळे, हे एकच जाळे होते. पुढे उपग्रहावरून आणि रेडिओवरून चालणारी निराळी जाळी तयार झाली, आणि ती एकमेकांशी बोलणार कशी हा प्रश्न उभा राहिला. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या अमेरिकी संशोधकांनी १९७४ साली त्यावर जो उपाय मांडला त्याचे मर्म असे होते, की कोणत्याही जाळ्याची अंतर्गत रचना बदलू नये. दोन जाळ्यांच्या सीमेवर एक यंत्र ठेवावे आणि त्याने एकीकडचा माल दुसरीकडे पोचता करावा. आज त्या यंत्राला आपण राउटर म्हणतो. ‘आंतर’ या उपसर्गाचा सारा अर्थ त्या एका यंत्रात साठला आहे. म्हणून इंटरनेटला ‘आंतरजाल’ हाच शब्द योग्य, आणि एखाद्या संस्थेच्या आतच चालणाऱ्या इंट्रानेटला ‘अंतर्जाल’ म्हणता येईल. मात्र दोन्ही शब्द इतके सारखे दिसतात, की मी स्वतः दुसऱ्यासाठी ‘संस्थांतर्गत जाळे’ असेच लिहितो.

‘महाजाल’ हा शब्द कानाला भारदस्त वाटतो, पण तो फक्त आकार सांगतो, रचना सांगत नाही. शिवाय अनेक लेखांत तो इंटरनेटसाठी येतो आणि वेबसाठीही, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या संकेतस्थळांसाठीही, येतो, जेव्हा की टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधनसंस्थेत १९८९ साली मांडली, आणि तोपर्यंत लोक जाळ्यावरून ई-मेल पाठवतच होते. वेब ही आंतरजालावर चालणारी एक सोय आहे. दोहोंना एकच नाव देऊ नये.

प्रतिसाद

मी कार्यालयांमध्ये नेटवर्कच्या वायरी टाकण्याचे काम अनेक वर्षे करत आहे, म्हणून बोलण्यातील वापराविषयी थोडे लिहितो. आज मराठी बोलण्यात ‘नेटवर्क’ म्हणजे मोबाइलचा सिग्नल आणि ‘नेट’ म्हणजे इंटरनेट, असे दोन अर्थ पक्के झाले आहेत. ‘गावी नेटवर्क नाही’ आणि ‘नेट गेले’ या वाक्यांपलीकडे सामान्य माणसाला या शब्दांची गरज पडत नाही. मॅडम, आपले विद्यार्थीही हेच अर्थ मनात घेऊन वर्गात येणार आहेत, आणि टिपणांची सुरुवात तेथूनच व्हावी असे मला मनापासून वाटते. माझ्याकडे नेहमी येणारी तक्रार अशी असते: ‘नेट बंद आहे, तरी शेजारच्या खोलीतला प्रिंटर कसा चालतो?’ लॅन म्हणजे काय, हे याच प्रश्नात आहे. संगणकापासून प्रिंटरपर्यंतचा मजकूर कार्यालयातल्या स्विचमधूनच, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात त्या पेटीतूनच, वळून जातो. तो राउटर ओलांडत नाही, म्हणून बाहेरची लाइन तुटल्याचे त्याला कळतही नाही.

लॅन आणि वॅन यांतला फरकही मी अंतरापेक्षा मालकीने सांगतो. लॅनची वायर, स्विच, भिंतीवरचा पॉइंट, सारे त्या संस्थेचे असते. दोन शहरांतली कार्यालये जोडायची झाली, की रस्ते खोदणे एकट्या संस्थेच्या आवाक्यात राहत नाही आणि दूरसंचार कंपनीची लाइन भाड्याने घ्यावी लागते. तेथून वॅन सुरू होते. मंत्रालयापासून जिल्हा आणि तालुक्याच्या कार्यालयांपर्यंत पोचलेले राज्य शासनाचे ‘महास्वान’ हे त्याचे जवळचे उदाहरण आहे. त्यामुळे ‘क्षेत्र’ हा शब्द गाळून ‘स्थानिक जाळे’ आणि ‘लांब पल्ल्याचे जाळे’ असे लिहावे. लोकल आणि लांब पल्ल्याची गाडी हा भेद आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

एक सूचना संगणक एकमेकांना जोडण्याच्या रचनांच्या नावांविषयी. स्टार रचनेला काही ठिकाणी ‘तारा रचना’ म्हटलेले मी वाचले आहे. येथे फार घोटाळा होतो, कारण ‘तारा’ हे ‘तार’ या शब्दाचेही अनेकवचन आहे आणि समोर तर खरोखरच तारांचा गुंता असतो. ‘चांदणी रचना’ म्हणावे: मधोमध स्विच आणि त्याच्यापासून चहूकडे निघालेल्या वायरी.

प्रतिसाद

पॅकेटविषयी मला आग्रहाने लिहायचे आहे, कारण हा शब्द भाषांतराचा विचार करूनच निवडला गेला होता. जुन्या दूरध्वनीत दोघांचे बोलणे चालू असेपर्यंत त्यांच्यामधली पूर्ण लाइन अडवून ठेवलेली असे, मग ते बोलोत की गप्प राहोत. याऐवजी मजकुराचे लहान तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता लिहावा आणि मिळेल त्या वाटेने ते पाठवावेत, ही कल्पना १९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे मांडली. बॅरन त्या तुकड्यांना ‘मेसेज ब्लॉक’ म्हणत. डेव्हिस यांनी मात्र इतर भाषांतही सहज उतरेल असा शब्द हवा म्हणून भाषातज्ज्ञाचा सल्ला घेतला आणि ‘पॅकेट’ हा शब्द ठरवला. मराठीत तर तो घरचाच झालेला आहे: ‘पाकीट’. पाकिटाच्या आत मजकूर आणि वर घेणाऱ्याचा व पाठवणाऱ्याचा पत्ता, हे टपालाचे चित्र पॅकेटला तंतोतंत लागू पडते. राउटर फक्त वरचा पत्ता वाचून पाकीट पुढे ढकलतो. वाटेत एखादे पाकीट हरवले, किंवा मागचे पुढे पोचले, तर त्यांचा क्रम लावणे आणि हरवलेले पुन्हा मागवणे हे दोन टोकांच्या संगणकांवर चालणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉलचे काम असते. ‘पुडके’ किंवा ‘गठ्ठा’ या शब्दांत पत्त्याची कल्पना येत नाही, म्हणून मला ते अपुरे वाटतात.

प्रोटोकॉलला शासनव्यवहारात ‘राजशिष्टाचार’ म्हणतात, आणि तेथे तो शब्द शोभतो. परंतु शिष्टाचार मोडला तरी पाहुणा जेवून जातो. संगणकांचा प्रोटोकॉल, म्हणजे एकमेकांशी बोलण्याचे त्यांचे ठरलेले नियम, मोडला तर संभाषणच होत नाही. मला येथे ‘बोली’ हा शब्द सुचवावासा वाटतो. ‘आपली अशी बोली झाली होती’ असे म्हणताना आपण भाषेविषयी बोलत नसून ठरलेल्या अटींविषयी बोलत असतो, आणि प्रोटोकॉलमध्ये भाषा आणि अटी हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटवरील सर्व यंत्रांनी जुनी बोली सोडून टीसीपी-आयपीची बोली स्वीकारली, हे वाक्य मला नैसर्गिक वाटते. शब्द रुळेपर्यंत सोबत ‘प्रोटोकॉल’ ठेवावाच लागेल.

प्रश्नकर्तीकडून

आपणा सर्वांची मी आभारी आहे. जाळे, गाठ, आंतरजाल, स्थानिक जाळे, लांब पल्ल्याचे जाळे, चांदणी रचना आणि पाकीट हे शब्द मी घेत आहे. ‘बोली’ पहिल्या प्रकरणात समजावणीपुरता घेईन आणि विद्यार्थी तो आपणहून वापरतात का ते पाहीन. आता स्विचचे काय? विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर दिव्याचे बटण येते.

प्रतिसाद

बटणाचे चित्र येथे खरोखरच दिशाभूल करते, कारण दिव्याचे बटण चालू आणि बंद एवढेच करते, तर जाळ्यातला स्विच आलेला मजकूर कोणत्या वाटेला लावायचा हे ठरवतो. स्विचच्या जागी पूर्वी हब नावाचे यंत्र असे, ते आलेला मजकूर सगळ्याच वायरींवर सोडून देत असे. स्विच प्रत्येक वायरीच्या टोकाला कोणते यंत्र आहे याची नोंद त्या यंत्राच्या ४८ बिटांच्या पत्त्यावरून ठेवतो आणि नेमक्या त्याच वायरीवर मजकूर वळवतो. या कामासाठी रेल्वेच्या मराठीत शब्द तयार आहे. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घेताना सांधा बदलतात, आणि अमेरिकी इंग्रजीत रुळांच्या त्या सांध्याला स्विचच म्हणतात. टिपणांत ‘स्विच’ हेच नाव ठेवून त्याच्या कामाला ‘सांधा बदलणे’ म्हणावे. मग ‘पॅकेट स्विचिंग’ म्हणजे पाकिटागणिक सांधा बदलणे, आणि जुना दूरध्वनी म्हणजे एकदा सांधा लावून बोलणे संपेपर्यंत तो न हलवणे, हा फरक त्याच शब्दांत सांगता येईल.