हॉपी बिअरची गोडी लागण्यासाठी रेसिपीत काय बदलावं?

माल्टकर (न्यू जर्सी):
व्हीट बिअर आणि स्टाउट घरी नीट जमतात. आयपीए, म्हणजे हॉप्सच्या (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या) जोरावरची कडू बिअर, मात्र अजून घशाखाली उतरत नाही. म्हणून आधी साधी पेल एल (तिची सौम्य बहीण) लावली, तिचा हिशोब असा:

१९ लिटर, ओजी (आंबवण्याआधीची घनता) १.०५२. पेल माल्ट ८८ टक्के, क्रिस्टल-६० (गोडसर कॅरमल माल्ट) १२ टक्के.
मॅग्नम हॉप्स (अल्फा आम्लं १२ टक्के) २८ ग्रॅम, ६० मिनिटं उकळी.
कॅस्केड (अल्फा ५.५) २८ ग्रॅम, शेवटची १५ मिनिटं.
सिट्रा ६० ग्रॅम ड्राय हॉप (न उकळता, थेट फर्मेंटरमध्ये), १० दिवस.

वास झकास आहे. पण पहिल्या घोटानंतर जिभेच्या मागे कडू बसतं ते हलत नाही, आणि कापलेल्या ओल्या गवतासारखं काहीतरी लागतं. जीभ तयार होईपर्यंत पीत राहायचं, की रेसिपीतच काही करता येईल?

पपनस (पोर्टलंड):
रेसिपीतच करा. कडूपणा मोजायच्या टिनसेथच्या सूत्राने तुमच्या मॅग्नमचेच ४० आयबीयू (कडूपणाचं एकक) होतात, कॅस्केडचे ९. ओजी १.०५२ ला ४९ म्हणजे नाव पेल एल, कडूपणा आयपीएचा.

हॉप्समधली अल्फा आम्लं उकळीत बदलतात तेव्हा कडूपणा येतो, त्याला वेळ लागतो. सुगंधी तेलं तेवढ्या वेळात वाफेबरोबर उडून जातात. त्यामुळे कडूपणा आणि वास हे दोन नळ वेगवेगळे सोडता येतात. तुम्हाला वास आवडतोय, तेव्हा तो नळ पूर्ण उघडा आणि दुसरा अगदी बारीक ठेवा:

मॅग्नम ८ ग्रॅम, ६० मिनिटं (साधारण ११ आयबीयू). कॅस्केड ३० ग्रॅम, १० मिनिटं (७). मग गॅस बंद करून वॉर्ट (माल्टचा गोड रस) ७५-८० अंश सेल्सिअसवर आणा, सिट्रा ४० ग्रॅम टाका, २० मिनिटं अधूनमधून ढवळा आणि लगेच थंड करा. या तापमानाला कडूपणा थोडाच उतरतो. घाई करून ९५ अंशांना टाकलंत तर तोच सिट्रा दहाहून जास्त आयबीयू सहज चढवेल आणि सगळा हिशोब कोलमडेल.

ही बिअर आवडली की पुढच्या खेपेला फक्त मॅग्नम बदला: १२ ग्रॅम, मग १६. दर ४ ग्रॅमला साधारण ६ आयबीयू वाढतात. बाकी एक दाणाही हलवू नका, नाहीतर जिभेला नेमकं काय पटलं ते कळणार नाही.

गवताची चव १० दिवसांमुळे. पेलेट (दाबलेल्या हॉप्सच्या गोळ्या) लवकर विरघळतात, सुगंध दोन-तीन दिवसांत उतरतो. त्यानंतर बिअरमध्ये येतो तो पानांचा तुरटपणा. लिटरला ३ ग्रॅम हे प्रमाण ठीक आहे, फक्त तिसऱ्या दिवशी फर्मेंटर २-३ अंशांवर नेऊन हॉप्स तळाला बसवा.

आणि क्रिस्टल ४ टक्क्यांवर आणा. १२ टक्के क्रिस्टलचा चिकट गोडवा कडूपणा झाकत नाही, जिभेवर जास्त वेळ धरून ठेवतो.

जिप्सम_चिमूटभर:
पाण्याचं कुणी विचारलंच नाही! जिभेच्या मागे बसणारं कडू बऱ्याचदा पाण्याच्या अल्कलिनिटीमुळे (आम्ल मारण्याच्या ताकदीमुळे) असतं. स्टाउटमध्ये भाजलेला माल्ट आम्लता आणतो म्हणून तिथे ते खपून जातं. पेल माल्टमध्ये मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा) पीएच ५.६ च्या वर राहतो आणि कडूपणा खरखरीत होतो. लॅक्टिक ॲसिडने ५.३ च्या आसपास आणा, पण मीटरवर बघत, थेंबाथेंबाने. स्पार्जचं (माल्ट धुवायचं) पाणी पीएच ६ च्या खाली, ७७ अंशांच्या आत.

नळाच्या पाण्यातलं क्लोरामाइन (जंतुनाशक) घालवायला १९ लिटरला पाव कॅम्पडेन गोळी (सल्फाइटची) पुरते.

क्षारांचं: ३ ग्रॅम जिप्सममुळे १९ लिटरला ८८ पीपीएम सल्फेट वाढतं, ४ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइडमुळे १०० पीपीएम क्लोराइड. सल्फेटने कडूपणा कोरडा, धारदार होतो (इंग्लंडमधल्या बर्टनचं पाणी त्यासाठीच प्रसिद्ध), क्लोराइडने गोलाई येते. तुम्ही सध्या क्लोराइडच्या बाजूने राहा, जिप्सम नंतर.

धुकं_आयपीए:
इतका खटाटोप कशाला? सरळ हेझी (धुकट आयपीए) लावा. ओट्स, भरपूर ड्राय हॉप, कडूपणा नावाला. नवख्याला तीच आवडते.

पपनस:
विकत आणून प्यायला हरकत नाही, पण बाटली भरणाऱ्याने घरी करायला हेझी सगळ्यात नाजूक. भरताना थोडा ऑक्सिजन शिरला तरी काही आठवड्यांत रंग जांभळट-करडा होतो आणि वास ओल्या पुठ्ठ्यावर जातो. वर हॉप्सचा बारीक गाळ तरंगत राहिला तर घशाला खाज सुटते आणि माणूस त्यालाच कडूपणा समजतो. केग (दाबाचं पिंप) आणि सीओटू हाताशी नसेल तर पेल एलच बरी.

पुणेरी_पाहुणा (पुणे):
इथे परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. नुसत्या हॉप्सची ओळख करून घ्यायला काही मार्ग?

जिप्सम_चिमूटभर:
आहे, आणि माल्टकरांनीही आधी हेच करावं. साधी फिकट लागर घ्या, ओपनरने उघडायच्या झाकणाची. पिळून उघडायच्या बाटलीवर कॅपरने झाकण नीट बसत नाही. जवळपास गोठेपर्यंत थंड करा. ३३० मिलिला १ ग्रॅम पेलेट आधीच मोजून ठेवा, झाकण उघडताच टाका आणि तत्क्षणी नवं झाकण दाबा. बाटली कोमट असेल तर पेलेटभोवती गॅस सुटून निम्मी बिअर ओट्यावर येते. दोन दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवा, गाळ न हलवता ओता. एका बाटलीत एकच जात, आणि एक बाटली बिनहॉप्सची तुलनेला.

कॅस्केडमध्ये पपनसाची साल आणि फुलं, सिट्रामध्ये आंबा-लिची, साझमध्ये मसालेदार हिरवा वास. समिटमध्ये कधीकधी चक्क कांदा-लसूण. हॉप्सच्या पाकिटाला जुन्या चीजचा वास आला तर चाखूही नका, फेकून द्या.

चाखताना मिसळ-फरसाण लांब ठेवा. तिखटाच्या जळजळीत कडूपणा नीट कळत नाही. तळलेला मासा चालतो.

माल्टकर:
मॅग्नम ८ ग्रॅमवाली लावतो. ड्राय हॉपनंतर लगेच बाटल्या भरल्या तर चालेल ना? एफजी (आंबवल्यानंतरची घनता) आधीच १.०१२ ला स्थिर असेल.

पपनस:
नाही! हॉप्समधल्या एन्झाइममुळे उरलेल्या डेक्स्ट्रिनची (यीस्टला न पचणाऱ्या पिष्टाच्या तुकड्यांची) साखर होते आणि यीस्ट पुन्हा कामाला लागतं. १.०१२ चं १.००९ होऊ शकतं. ते बाटलीत झालं तर प्रायमिंगच्या (बाटलीत गॅस येण्यासाठी घातलेल्या) साखरेवर ही साखर चढते आणि बाटल्या फुटतात. शिवाय त्या काळात लोण्यासारखा वास येतो, तो यीस्टने परत खाईपर्यंत थांबावं लागतं. ड्राय हॉप १८-२० अंशांना करा, हायड्रोमीटरचं माप हॉप्स टाकल्यानंतर तिसऱ्या दिवशी घ्या आणि पुन्हा ४८ तासांनी. दोन्ही सारखी आली आणि वासात लोणी नसलं तरच थंड करा. यात मघाचा तीन दिवसांचा नियम मोडतो, मोडू द्या; मापं हलत असतील तर आणखी थांबा. थोडं गवत परवडलं.