मदत हवी आहे: ‘मित्रांचा दबाव’ मॉडेलमध्ये आकड्यात कसा बसवावा?

दारूचा गैरवापर रोखण्यासाठी लोकसहभागातून सिस्टिम डायनॅमिक्स मॉडेल (एकमेकांवर परिणाम करणाऱ्या गोष्टी काळानुसार कशा बदलतात ते दाखवणारं संगणकी मॉडेल) बांधतो आहोत. पालक, तरुण, शिक्षक आणि दारू सोडलेल्यांनी मिळून कार्यकारण आकृती काढली. तिच्यावरून चार साठे (ज्यांतली माणसांची संख्या कमी-जास्त होते असे गट) घेतले: न पिणारे, अधूनमधून पिणारे, धोकादायक प्रमाणात पिणारे, सोडलेले. सोडलेल्यांतून पुन्हा पिण्याकडे जाणारा प्रवाह (एका साठ्यातून दुसऱ्यात जाणारी माणसं) ठेवलाय. तो वगळला की उपचाराचा परिणाम फुगून दिसतो.

अडतंय ते ‘मित्रांचा दबाव’ इथे. त्याला एकक नाही. पिणाऱ्यांच्या प्रमाणावर (० ते १) बेतला, तर वर्धक चक्र (पिणारे वाढले की दबाव वाढतो, त्याने पिणारे आणखी वाढतात) सुसाट सुटतं आणि न पिणाऱ्यांचा साठा जवळजवळ रिकामा होतो, जे कुठेच घडत नाही. वेळेची पायरी (मॉडेल किती काळाने पुढचा हिशोब करतं ते अंतर) सर्वांत लहान विलंबाच्या चौथाईहून कमी करूनही आलेख तोच. म्हणजे दोष रचनेत आहे. पालकांच्या देखरेखीचं संतुलक चक्र (पिणं वाढलं की त्याला आवर घालणारं) बहुधा कमजोर पडतंय, कारण पिणं त्यांच्या लक्षात उशिरा येतं.

हा विलंब कसा ठरवता? दबावाचा गुणक (दबावाचा जोर ठरवणारा आकडा) सर्वेक्षणातून काढावा, की गटाने हाताने काढलेल्या काळ-आलेखांशी (पिणं काळानुसार कसं बदललं, याच्या रेषांशी) जुळवून घ्यावा? जुळवला, तर तो गटाला समजेल अशा भाषेत तपासून कसा घ्यायचा? आकडे पाहिले की बोलकी माणसंही गप्प होतात.